नक्कल नको, नावं सांगा

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईत ऐकू येणाऱ्या सगळ्या एफएम वाहिन्यांवरची आरजे मंडळी,
आणि त्यांनी किती सेकंद बोलायचं हे ठरवणारे त्यांचे साहेब

ठाणे, २६ फेब्रुवारी २०२४

स.न.वि.वि.

रेडिओ निवेदक अमीन सायानी गेल्या मंगळवारी, २० तारखेला गेले. ९१ वर्षांचे होते. म्हणजे दुसऱ्या दिवशी बुधवार आला. तुम्हाला बुधवार हा आठवड्याच्या मध्ये अडकलेला एक वार वाटत असेल. आमच्याकडे तो सणाचा दिवस होता, कारण रात्री आठ ते नऊ रेडिओवर त्यांची, हिंदी सिनेमाच्या गाण्यांची ‘बिनाका गीतमाला’ असायची. परवाचा बुधवार तुम्ही कसा पाळलात, त्याबद्दल हे पत्र लिहितोय.

संध्याकाळी सातच्या सुमाराला स्टेशनवरून वर्तकनगरची शेअर रिक्षा धरली. तीन हात नाक्याला अडकलो, जसे रोज अडकतो. रिक्षात एफएम चालू होता. तुमच्यापैकी एकाने (नाव घेत नाही, वाहिनीचंही नाही, कारण त्या दिवशी बटण कुठेही फिरवलं तरी हेच चाललं होतं) घशातून जाड आवाज काढून सायानींचं ‘बहनोऽऽ और भाइयोऽऽ’ केलं. त्यावर गुहेत बोलल्यासारखा इफेक्ट. मग कोणाचं तरी रेकॉर्ड केलेलं हसू. मग घोडबंदर रोडच्या टू बीएचकेची जाहिरात. आणि मग ‘अमीनजींच्या आठवणीत’ एक गाणं. सुरुवातीचं म्युझिक कापलेलं, आणि शेवटचा अंतरा संपायच्या आत ट्रॅफिकची बातमी त्याच्या डोक्यावर चढून बसलेली. ‘मुकेशजी, क्या बात है यार!’ एवढंच काय ते गाण्याबद्दल.

रिक्षावाला पंचविशीतला पोरगा. आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, “काका, भारी गाणं आहे ना? लिहिलंय कोणी हे?”

मी नाव सांगितलं. आणि म्हटलं, हा माणूस आधी मुंबईत बस कंडक्टर होता.

तो चक्क मान वळवून मागे बघायला लागला. “खरंच?”

“खरंच. तिकिटं फाडायचा.”

सिग्नल सुटला होता, मागचे हॉर्नवर हात ठेवून बसले होते. कॅडबरी नाका येईपर्यंत तो दोनदा स्वतःशीच “कंडक्टर, च्यायला” म्हणाला. उतरताना सुट्टे परत देताना त्याने पुन्हा एकदा नाव विचारून घेतलं.

ते नाव तुम्ही सांगायचं होतं. माझी तक्रार एवढीच आहे. पुढचं वाचायला वेळ नसेल तर इथे थांबलात तरी चालेल.

आता मी कोण ते सांगतो. जांभळी नाक्यामागच्या गल्लीत मी तीसेक वर्षं रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि पुढे टीव्ही दुरुस्त केले. दुकान गेलं, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. गाण्यातलं मला फारसं कळत नाही. मला कळतं ते डायलचा दोरा का घसरतो आणि स्पीकर का फाटतो. गाण्यातलं कळतं माझ्या थोरल्या बहिणीला, आणि हे पत्र तिच्या वहीवरूनच सुचलंय.

१९६५ च्या आसपास आम्ही चरईतल्या चाळीत राहायचो. मजल्यावर रेडिओ एकच, टोकाच्या खोलीतल्या काकांकडे. व्हॉल्व्हचा सेट. बटण फिरवलं की लगेच बोलायचा नाही, मिनिटभर तापायचा, मग काचेमागचा हिरवा डोळा हळूहळू उघडायचा. गॅलरीत तांब्याच्या जाळीची एरियल. तिच्यावर कोणी ओला टॉवेल टाकला की आवाज बसायचा, आणि मग टॉवेल कोणाचा यावरून भांडण. पावणेआठलाच पोरं उंबऱ्यात दाटीवाटीने बसलेली, बायका भाकऱ्या उरकून पदराला हात पुसत दाराशी. काकांची एकच अट असायची, गाणं चालू असताना खोकायचं नाही.

ताईची शाळा सातवीनंतर सुटली होती. ती वही घेऊन बसायची. शंभर पानी, पट्टीने रकाने आखलेले : गाणं, चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार. पायदानचा, म्हणजे गाण्याच्या क्रमाचा आकडा समासात लाल पेन्सिलीने. त्या पेन्सिलीचं दुसरं टोक निळं होतं आणि ते फक्त सरताज, म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या गीतासाठी राखून ठेवलेलं. मला हात लावायची परवानगी नव्हती.

काल रविवारी ऐरोलीला तिच्या घरी गेलो तेव्हा ती वही तिने स्वतःहून काढली. कव्हर नाहीसं झालंय, शिलाई सुटलीय. गीतकाराच्या रकान्यात एका जागी नुसता ‘म’ आहे आणि त्यापुढे शेपटीसारखी लांब रेघ. तिथे आवाज गेला होता. पुढच्या बुधवारी दुसऱ्या शाईने त्या ‘म’ला ‘जरूह’ जोडलंय. ‘शंकरजयकिशन’ पहिली वीसेक पानं एका शब्दात आहे, कारण तिला तो एकच माणूस वाटायचा. मग एका पानापासून अचानक मध्ये छोटी आडवी रेघ येते. प्रत्येक गाण्याला सगळी नावं मिळालीच आहेत असंही नाही. जिथे मिळाली नाहीत तिथे तिने चौकोन कोरा ठेवलाय, विविध भारतीवर कधीतरी ऐकू येईल म्हणून. काही चौकोन अजून कोरे आहेत.

तो आवाज का जायचा, हे मला दुकानात बसायला लागल्यावर कळलं. कार्यक्रम रेकॉर्ड व्हायचा मुंबईत. टेप विमानाने कोलंबोला जायची. तिथून रेडिओ सिलोन तो शॉर्टवेव्हवर सोडायचं. ती लहर वर आभाळात जाऊन तिथल्या थरावर आपटून आपल्याकडे परत यायची. तो थर काही स्लॅब नव्हे, सारखा हलतो, म्हणून आवाज समुद्राच्या लाटेसारखा भरायचा आणि ओसरायचा. विचार करा, मुंबईत बोललेलं ठाण्यात ऐकू यायला कोलंबोचा फेरा घ्यावा लागायचा. आणि हे कोणामुळे, तर आपल्याच एका मराठी माणसामुळे. १९५२ साली नभोवाणी मंत्री झालेल्या बा. वि. केसकरांना सिनेमाची गाणी हलकी वाटायची, त्यांनी ती आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली. लोक उठले आणि काटा फिरवून सिलोनवर गेले. सरकारला ही चूक उमगून विविध भारती सुरू व्हायला ३ ऑक्टोबर १९५७ उजाडला. तोवर आमचा बुधवार सिलोनला गेला होता तो गेलाच. विविध भारतीवर गीतमाला आली ती थेट १९८९ मध्ये.

३ डिसेंबर १९५२ ला पहिली गीतमाला झाली तेव्हा सायानी वीस वर्षांचेही नव्हते. लिहायचं, बोलायचं, आलेली पत्रं तपासायची, सगळं मिळून आठवड्याला २५ रुपये. थोरल्या मंडळींनी एवढ्या पैशात नको म्हटलं म्हणून काम या पोराकडे आलं. त्याआधी आकाशवाणीने त्यांना नापास केलं होतं, का तर हिंदी बोलताना इंग्रजी आणि गुजराती डोकावतं. रेडिओवरची त्यांची पहिली कमाई म्हणजे ओव्हलटीनचा एक डबा. सुरुवातीला गीतमालेत सात गाणी लावून ऐकणाऱ्यांना क्रम ओळखायला सांगायचे, बक्षीस १०० रुपये. पन्नासेक पत्रं येतील असा अंदाज होता. पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० आली, आणि पुढे आठवड्याला ६५,००० पर्यंत गेली. मग स्पर्धा बंद करून पायदान सुरू केलं. रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री आणि श्रोता संघांची मतं घेऊन क्रम लावायचे. झुमरी तलैया नावाचं गाव खरंच आहे, तिथे अभ्रकाच्या खाणी होत्या, हेही आमच्या चाळीला फर्माइशींमधूनच कळलं. आमच्या शाळेच्या नकाशात ते नव्हतं.

१९५३ च्या वार्षिक यादीत पहिलं आलेलं गाणं ‘अनारकली’तलं, संगीत सी. रामचंद्र. वहीच्या शेवटच्या पानावर ताईने असे जुने सरताज कुठून कुठून विचारून लिहून ठेवलेत. त्यात सी. रामचंद्र म्हणजे आपले राम चितळकर, पुणतांब्याचे, हे कळल्यावर तिने मजल्यावर सगळ्यांना सांगत सुटून चाळ डोक्यावर घेतली होती. एका नावाने केवढा फरक पडतो बघा. ते गाणं त्या दिवसापासून आमच्या घरचं झालं.

तुम्ही ज्याची नक्कल करता त्या ‘बहनो और भाइयो’बद्दलही एक सांगतो. ताई म्हणायची, “हा आधी आम्हाला हाक मारतो.” सभेत, देवळात, शाळेत, सगळीकडे ‘बंधू आणि भगिनींनो’ ऐकत मोठी झालेली मुलगी ती. तिने ते पहिल्याच बुधवारी पकडलं होतं. तुमच्या नक्कलीत ‘भाइयोऽऽ’ लांबतं, ‘बहनो’ गिळलं जातं. पुन्हा ऐकून बघा.

आणि सातवीत शाळा सुटलेल्या मराठी मुलीला हिंदी-उर्दू नावं कानाने लिहिता आली, यात तिची हुशारी होतीच, पण सांगणाऱ्याचा हातही होता. सायानींच्या आई कुलसुम सायानी प्रौढ साक्षरतेचं काम करायच्या. नुकतं वाचायला शिकलेल्यांसाठी त्या ‘रहबर’ नावाचं पाक्षिक काढायच्या, एकच साधी हिंदुस्तानी, पण देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. गांधीजींचा त्यामागे आग्रह होता. त्या पाक्षिकाच्या कामात अमीन लहानपणापासून हाताशी असायचे. ज्याला नुकतं अक्षर कळलंय त्याच्याशी कसं बोलायचं, हे ते घरात शिकले. त्यांच्या आवाजाचं कौतुक सगळे करतात. मला विचाराल तर आवाज त्यांच्याहून भरदार असलेले निवेदक होते. पण नाव घेताना आधी किंचित थांबायचं, नाव सुटं उच्चारायचं, मग पुढे जायचं, हे त्यांच्यासारखं कोणाला जमलं नाही. त्या थांबण्यात ताईची पेन्सिल पोचायची.

तुम्ही म्हणाल, आजोबा, आता फोनवर सगळं मिळतं. मिळतं ना. त्या रिक्षावाल्याने सिग्नलला फोन काढून बघितलं होतं. गायकाचं नाव होतं, फोटो होता, खाली पन्नास जणांनी गायलेली तीच चाल होती. लिहिणारा नव्हता.

हे काही नवं दुखणं नाही. १९४९ साली ‘महल’मधल्या लता मंगेशकरांच्या गाण्याची रेकॉर्ड निघाली तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून ‘कामिनी’ छापलं होतं. कामिनी हे सिनेमातल्या पात्राचं नाव! लोकांनी रेडिओला पत्रांवर पत्रं टाकून विचारलं, ही बाई कोण? मग नाव बाहेर आलं. म्हणजे रेडिओवर नाव घ्यायची पद्धत ऐकणाऱ्यांच्या पत्रांनी पाडलीय. म्हणूनच मीही पत्र टाकतोय. तुमच्या व्हॉट्सअॅप नंबरवर पाठवलं असतं तर समोरून टाळ्यांची दोन चित्रं आली असती.

उद्या २७ तारीख, मराठी भाषा गौरव दिन. उद्या तुम्ही दिवसभर मराठी गाणी लावाल, हे कॅलेंडर न बघता सांगतो. त्यात ‘गंगा-जमुना डोळ्यांत उभ्या का’ येईलच. लग्नात पाठवणीला ते अजून वाजतं आणि डीजेवाल्याचेही डोळे भरून येतात. तुम्ही ‘लतादीदींचं इमोशनल गाणं’ म्हणून ते लावाल. ते लिहिलं पी. सावळाराम यांनी, चाल वसंत प्रभूंची. आणि हे सावळाराम आपल्या ठाण्याचे. नुसते राहायला नव्हते, साठच्या दशकात ठाण्याचे नगराध्यक्ष होते! मुलींच्या पाठवणीचं गाणं लिहिणारा माणूस आमच्या गावाचा कारभार बघत होता. लहानपणी आम्हाला ते आधी रेडिओवाले म्हणून माहीत होते, नगराध्यक्ष म्हणून नंतर. मुंबई आकाशवाणीवर निवेदिका एका दमात म्हणायची, ‘गीत पी. सावळाराम, संगीत वसंत प्रभू’. ती दोन नावं आमच्यासाठी राम-लक्ष्मणासारखी जोडीनेच यायची. आज तीन हात नाक्यावरून तुमचा आवाज घेऊन हजारो रिक्षा जातात. त्यातल्या किती पोरांना माहीत असेल, की हे गाणं याच गावात राहणाऱ्या माणसाचं आहे?

मी घड्याळ लावून मोजलं. गीत, संगीत, गायिका, तिन्ही नावं सावकाश, नीट थांबून म्हटली तर सात सेकंद लागतात.

तुमच्या अडचणी मला अगदीच माहीत नाहीत असं नाही. भाचीची एक मैत्रीण एका वाहिनीवर होती, तिने सांगितलं होतं. गाणी तुम्ही निवडत नाही, कॉम्प्युटर लावतो. तुम्हाला दोन गाण्यांच्या मध्ये अर्धा मिनिट मिळतं, त्यात वाहिनीचं नाव, तुमचं नाव, प्रायोजकाचं नाव, व्हॉट्सअॅप नंबर आणि शक्य झालं तर एक विनोद. म्हणजे नावं तुम्ही घेताच की, तीही भरपूर. फक्त गाणं ज्यांनी केलं त्यांची राहतात. आणि जाहिरातीला मी नाक मुरडतोय असं समजू नका. बिनाका काय देवाचं नाव होतं? टूथपेस्ट होती. तिच्या खोक्यातून प्लास्टिकची इवली इवली जनावरं निघायची, त्यासाठी आम्ही घरात कडुनिंबाची काडी सोडून पेस्टचा हट्ट धरला होता. माझ्याकडे अजून एक हत्ती आहे, सोंड तुटलेला. सायानी टूथपेस्टचं नाव तासभर न लाजता घ्यायचे आणि मजरूहचंही घ्यायचे.

तेव्हा मागणं आरजेंपेक्षा साहेबांकडे जास्त आहे. तुमच्या पोरापोरींना गाण्यामागे सात सेकंद द्या. रोजचं जमत नसेल तर निदान बुधवारी रात्री आठ ते नऊ. त्या तासात सुरुवातीचं म्युझिक कापू नका, शेवटच्या ओळीवर चढू नका, आणि गाणं संपल्यावर ज्यांनी केलं त्यांची नावं घ्या. कॉम्प्युटर गाणी निवडतो तर नावंही त्याच्याचकडे भरून ठेवता येतील, समोर पडद्यावर दिसतील, पोरांना पाठ करायला लागणार नाहीत. श्रद्धांजलीचं पोस्टर, इफेक्ट, हसू, सगळं राहू दे बाजूला.

काल ताईने मशीन कानात घालून वहीतलं एक पान मोठ्याने वाचून दाखवलं. नक्कल वगैरे काही नाही, तिच्या स्वतःच्या, थोड्या चिरकलेल्या आवाजात. गाणं, चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार. पायदान सोळापासून वर. सुनेने मध्येच चहा आणून ठेवला, तो गार झाला. पहिल्या क्रमांकाला ती थांबली आणि मला म्हणाली, “इथे बिगुल वाजायचा ना रे?” मी हो म्हटलं. मग तिने सरताजची ओळ वाचली आणि वही मिटवली.

ती अजून दर बुधवारी आठला रेडिओ लावते. कुठली वाहिनी लागेल ती. या बुधवारी २८ तारीख आहे.

कळावे,

आपला,
वर्तकनगरचा एक जुना रेडिओ मेकॅनिक

ता.क. : त्या दिवशी रिक्षात लागलेलं गाणं. चित्रपट ‘मेरा नाम जोकर’, १९७०. गायक मुकेश. संगीत शंकर-जयकिशन, ही दोन माणसं आहेत. गीत हसरत जयपुरी. ताईच्या वहीत सगळीकडे आधी ‘हजरत’ होतं, आमच्या चाळीत बरेच महिने ते कोणी पीरबाबा आहेत असा समज होता. नंतर तिने प्रत्येक पानावर जाऊन ‘ज’चा ‘स’ केलाय.